तोंडी बोलीला कायद्यात किंमत आहे का? हातउसने, जमीन, बटई आणि बाजारातल्या व्यवहारांविषयी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने बांधाशेजारच्या माणसाला बोअर आणि पाइपलाइनसाठी दीड लाख रुपये हातउसने दिले. पन्नास हजार फोनपेवर, एक लाख रोख. देताना दोघे जण हजर होते. लिहिलेले काही नाही. "सोयाबीन विकलं की देतो, नाहीच जमलं तर बांधालगतचं एक एकर तुला करून देतो," असे घेणारा म्हणाला होता. आता अडीच वर्षे होत आली. पैसे मागितले की "देतो ना", आणि जमिनीचे नाव काढले की "असं कधी ठरलं होतं?" लिहून घेतले नाही म्हणजे सगळे गेलेच का?

नाही, गेलेले नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १० मध्ये करार वैध कधी ठरतो ते दिले आहे. दोन्ही बाजू सज्ञान आणि शुद्धीवर असाव्यात, संमती दबावाखाली किंवा फसवून घेतलेली नसावी, दोन्हीकडून काहीतरी देणेघेणे असावे आणि हेतू बेकायदा नसावा. लेखी असण्याची अट त्यात नाही. काही ठरावीक व्यवहारांना ती दुसऱ्या कायद्यांनी घातली आहे, त्याचे पुढे बघू. बाकी सगळीकडे तोंडी करार हा लेखी करारासारखाच बंधनकारक असतो. त्यामुळे "कागद दाखव" एवढे म्हणून समोरचा सुटत नाही.

पण तुमच्या प्रश्नात एक नाही, दोन बोली आहेत आणि त्यांचे नशीब वेगवेगळे आहे. दीड लाखाची बोली टिकणारी आहे. एक एकराची टिकणे जवळजवळ अशक्य आहे. आधी पैशाचे बघू, कारण तिथे वेळ कमी उरला आहे.

मुदत कायदा, १९६३ प्रमाणे हातउसन्या पैशाचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो, आणि परतफेडीची तारीख ठरलेली नसेल तर ही तीन वर्षे पैसे दिल्या दिवसापासून मोजतात, मागितल्या दिवसापासून नाही. १० जून २०२४ ला दिलेल्या पैशाचा दावा १० जून २०२७ पर्यंत दाखल झाला पाहिजे. "सोयाबीन विकल्यावर" ही तारीख धरली तर मुदत थोडी पुढे सरकते असा युक्तिवाद करता येतो, पण त्या भरवशावर राहू नका; सगळ्यात आधीची तारीख धरून चाला. माझ्या मते आपल्याकडचे तोंडी व्यवहार साक्षीदार नाही म्हणून बुडतात त्यापेक्षा जास्त मुदत निघून गेली म्हणून बुडतात. देणारा भिडेपोटी थांबतो, दिवाळी, अक्षय्य तृतीया, पुढचा हंगाम असे वायदे ऐकत राहतो. तोंडी "देतो, देतो" म्हटल्याने मुदत एका दिवसानेही वाढत नाही.

मुदत दोन गोष्टींनी वाढते. पहिली, तीन वर्षे संपण्याआधी घेणाऱ्याने देणे कबूल करून लिहून सही दिली, तर सहीच्या तारखेपासून नवी तीन वर्षे मिळतात. हे मुदत कायद्याचे कलम १८. दुसरी, मुदतीच्या आत त्याने थोडे पैसे परत केले, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षे; हे कलम १९. मात्र या परतफेडीची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असावी लागते. तुम्ही तुमच्या वहीत "१०,००० आले" असे लिहिलेत तर ते पुरत नाही. त्याने दहा हजार आणून दिले की तुमच्याच वहीत त्याच्याकडून "आज १०,००० परत दिले, १,४०,००० देणे बाकी" असे लिहून तारीख-सही घ्या. मुदत एकदा संपली की नुसती कबुली कामाची नाही. तेव्हा करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे "ही जुनी रक्कम मी फेडीन" असे स्पष्ट लेखी, सहीचे वचनच लागते. कबुली आणि वचन यात कोर्ट फरक करते. "मी दीड लाख घेतले होते" ही कबुली झाली, "ते मी देईन" हे वचन.

आता पुरावा. दिवाणी दाव्यात शंभर टक्के खात्रीची गरज नसते. दोन हकिगतींपैकी कोणती जास्त संभवनीय आहे ते न्यायाधीश बघतात. मात्र व्यवहार झाला हे दाखवायची पहिली जबाबदारी दावा लावणाऱ्यावर. जुन्या पुरावा कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम आला, पण या बाबतीतली तत्त्वे तीच आहेत. साक्षीदार किती हवेत याला आकडा नाही, एक खरा माणूस पुरतो. त्याने स्वतः पाहिलेले आणि ऐकलेले सांगितले पाहिजे. "मला नंतर गावात कळलं" म्हणणारा कितीही वजनदार असला, तरी या कामाला उपयोगी नाही.

उलटतपासणीत काय विचारतात ते माहीत असले म्हणजे तयारी नीट होते. पैसे कुठे दिले, ओसरीत की शेतात? कोण कुठे बसले होते? नोटा कोणत्या होत्या, कोणी मोजल्या? आणि सगळ्यात जड प्रश्न, तुमच्याकडे त्या दिवशी एक लाख रोख आले कुठून? तिथे साक्षीदारापेक्षा कागद जास्त बोलतो. आडतीवरची हिशोबपट्टी, बैल विकल्याची बाजार समितीची पावती, बँकेतून काढलेल्या रकमेची पासबुकातली नोंद, हे जमवा. व्यवहाराच्या आधीच्या आठ-पंधरा दिवसांतली लाखाच्या आसपासची आवक दिसली की रोखीची बाजू उभी राहते.

फोनपेचे पन्नास हजार सोपे वाटतात, पण तिथेही एक खाच आहे. बँकेच्या उताऱ्यावरून पैसे गेले एवढेच दिसते, ते उसने म्हणून गेले हे दिसत नाही. समोरचा म्हणू शकतो की ते त्याचे जुने येणे होते, किंवा तुम्ही बियाण्याचे पैसे दिलेत. म्हणून पाठवताना शेऱ्याच्या जागी "हातउसने" हा एक शब्द टाकायची सवय लावा.

व्हॉट्सॲपवरचे संदेश आणि कॉलचे रेकॉर्डिंग पुरावा म्हणून चालते, अट एवढीच की साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. या प्रमाणपत्राबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२० चा मोठा निकाल आपल्याच जालना मतदारसंघाच्या निवडणूक याचिकेतून गेलेला आहे, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. तिथे वाद उमेदवारी अर्ज वेळेत भरला का याच्या चित्रीकरणाचा होता, पण त्यात पक्के झालेले तत्त्व गावातल्या उसनवारीच्या दाव्यालाही लागते: मूळ यंत्र कोर्टापुढे नसेल तर प्रमाणपत्राशिवाय प्रत वाचता येत नाही. तेव्हा ज्या फोनवर संदेश आला तो फोन विकू नका, रीसेट करू नका. नवा घेतला तरी जुना बंद करून कपाटात ठेवा. नुसते स्क्रीनशॉट ठेवून फोन एक्स्चेंजला दिला की बाजू लंगडी पडते. रेकॉर्डिंग कापून, हवा तेवढाच तुकडा ठेवू नका. मूळ फाइल जशीच्या तशी राहू द्या.

अजून संबंध तुटलेले नसतील तर वकिलाची नोटीस पाठवण्याआधी एक संदेश पाठवा. भांडणाचा नको, हिशोबाचा हवा. उदाहरणार्थ:

"राम राम भाऊ. जून २०२४ मध्ये बोअरसाठी तुम्हाला एकूण १,५०,००० दिले होते, ५०,००० फोनपेवर आणि १,००,००० रोख. मला यंदा मुलीच्या फीसाठी लागणार आहेत. कधीपर्यंत जमेल ते कळवा."

यावर "दिवाळीनंतर बघू" असे उत्तर आले, तरी त्याने रक्कम नाकारली नाही हे नोंदले जाते. "एवढे नव्हते, एक लाख वीस होते" असे आले तर एक लाख वीसची कबुलीच मिळाली. प्रत्यक्ष तारीख ठाऊक असेल तर संदेशात तीच घाला. पण अशा संदेशाने मुदत वाढते असे धरून मात्र चालू नका. मुदतीसाठी कागदावरची सहीच मिळवा.

सही द्यायला तो तयार झाला तर अर्धे पान पुरते. पैसे दिल्याची तारीख आणि ठिकाण, रक्कम आकड्यात आणि अक्षरात, रोख किती व खात्यावर किती, कशासाठी, कधी फेडणार, दोघांची पूर्ण नावे आणि गाव, खाली घेणाऱ्याची सही, दोन साक्षीदारांच्या सह्या. अंगठा असेल तर डाव्या हाताचा, आणि शेजारी कोणाचा ते लिहिणाऱ्याने लिहावे. मजकूर ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवला, ही ओळ विसरू नये. साधी कबुली साध्या कागदावर लिहिलेली असली तरी हातची जाऊ देऊ नका. मुद्रांकाची अडचण वकील नंतर बघतील. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा कागदांना १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो, आणि घेतल्यापासून सहा महिन्यांत न वापरलेला मुद्रांक बाद होतो. घरात पडलेला जुना बाँड मागची तारीख टाकून वापरणे म्हणजे खरा व्यवहार खोट्या कागदावर उभा करणे. मुद्रांक विक्रेत्याची नोंदवही आणली की सगळेच कोसळते.

रोख एक लाखाबद्दल अनेकांच्या मनात भीती असते की वीस हजारांवर रोख दिले म्हणजे व्यवहारच बेकायदा. तसे नाही. आयकर कायद्यात रोखीने कर्ज घेण्यावर ती मर्यादा आहे आणि मोडली तर दंडाचा प्रश्न घेणाऱ्यावर येतो. दोन्ही बाजूंचे उत्पन्न फक्त शेतीचे असेल आणि करपात्र उत्पन्न नसेल, तर तिथे सूटही आहे. पण त्यामुळे कर्ज बुडत नाही. दिवाणी दावा चालतो.

व्याजाचे मात्र जपून बोला. "शेकडा दोनने" म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. तोंडी व्याज सिद्ध करणे मुद्दलापेक्षा अवघड असते, आणि चार जणांना असे दिलेले निघाले तर सावकारीचा प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारीचा धंदा करणे हा गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि परवाना नसलेल्या सावकाराला कोर्ट हुकूमनामाही देत नाही. शेजाऱ्याला एकदा अडीनडीला दिलेले पैसे हा धंदा नव्हे. तेव्हा खरेच बिनव्याजी दिले असतील तर नोटिशीतही तसेच लिहा. वकिलाने दबाव वाढावा म्हणून व्याज जोडायला सांगितले तरी न ठरलेले व्याज घालू नका. पहिल्याच उलटतपासणीत ते उघडे पडते आणि मुद्दलावरचा विश्वासही घेऊन जाते.

आता एक एकराची बोली. स्थावराची खरेदी तोंडी होतच नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चे कलम ५४ सांगते की १०० रुपये किंवा जास्त किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत दस्तानेच विकता येते. गहाणालाही सहसा नोंदणीकृत दस्तच लागतो, आणि बक्षीसपत्राला दस्त व दोन साक्षीदार. "पैसे दिले नाहीत तर जमीन तुझी" ही बोली बघायला गेले तर गहाणासारखी आहे, ती तोंडी टिकणार नाही.

याउलट "अमुक किमतीला पुढे विकीन" असा विक्रीचा करार तोंडी होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने हे वारंवार मान्य केले आहे. ब्रिजमोहन विरुद्ध सुग्रा बेगम या १९९० च्या निकालात विक्रीच्या तोंडी कराराला कायद्याची आडकाठी नाही असेच म्हटले, पण सर्व अटींवर एकमत झाले होते हे सिद्ध करण्याचा भार खरेदीदारावर मोठा असतो हेही तितकेच स्पष्ट केले. तुमच्या बोलीत गट नंबर नाही, एक एकर कोणत्या बाजूचे ते नाही, किंमत किती आणि दीड लाख वजा जाता बाकी किती ते नाही. करार कायद्याच्या कलम २९ प्रमाणे ज्याचा अर्थ निश्चित करता येत नाही तो करार रद्दबातल. त्या एकरामागे दोन-चार वर्षे घालवू नका, दीड लाख धरा.

ज्यांची जमिनीची बोली खरोखर पूर्ण झाली आहे, म्हणजे गट, क्षेत्र, चतुःसीमा, दर आणि इसार सगळे ठरलेले आहे, त्यांना खरा धोका तिसऱ्या माणसाचा असतो. मालकाने तीच जमीन दुसऱ्याला नोंदणीकृत खरेदीखताने दिली आणि त्याला तुमचा सौदा माहीत नव्हता, तर विशिष्ट साहाय्य कायदा, १९६३ त्याला संरक्षण देतो. म्हणून इसार दिल्या आठवड्यातच साठेखत, म्हणजे विक्रीच्या कराराचा दस्त, नोंदवा. ते होईपर्यंत तालुक्यात वाचल्या जाणाऱ्या दैनिकात जाहीर प्रगटन द्या, आणि खरेदीला मी तयार आहे हे दाखवणारे कागद सांभाळा. बाकी रक्कम खात्यात तयार होती हे दाखवता आले नाही म्हणून चांगले दावे पडतात. आणखी दोन गोष्टी इथेच सांगतो. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरी केलेल्या इसारपावतीने मालकी येत नाही, ताबाही सुरक्षित होत नाही. आणि सातबारावर वर्ग २, इनाम किंवा मदतमाश (निजामकाळातल्या इनामाचा एक प्रकार) असा शेरा असेल तर आधी परवानगीचा विषय, मग सौद्याचा.

सावकारी खरेदीखताचा प्रश्न आपल्याकडे फार मोठा आहे, त्यावर थांबून सांगावे लागेल. दोन लाख हवे असतात, देणारा म्हणतो खरेदीखत करून दे, पैसे परत आले की जमीन परत करून देतो. खरेदीखतात जमीन कायमची विकली असे लिहिले जाते आणि परत देण्याची अट फक्त तोंडी राहते. लेखी दस्ताच्या अटींविरुद्ध तोंडी बोलीचा पुरावा एरवी चालत नाही, पूर्वीचे पुरावा कायद्याचे कलम ९२, आता साक्ष अधिनियमाचे कलम ९५. म्हणून लोक समजतात की दारच बंद झाले. तसे नाही. गंगाबाई विरुद्ध छबूबाई या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की दस्त अमलात आणण्यासाठी नव्हताच, व्यवहार वेगळाच होता, हे दाखवायला तोंडी पुरावा देता येतो. त्यासाठी गोष्टी दाखवाव्या लागतात: खरेदीनंतरही ताबा आणि पेरणी मूळ मालकाचीच, किंमत बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्शाची, घेणाऱ्याने खरेदीनंतरही व्याज घेतलेले. त्याहून जवळचा रस्ता म्हणजे सावकारी अधिनियमाचे कलम १८. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे साधा अर्ज करता येतो, ते चौकशी करून सावकारीतून गेलेली जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतात. फेरफार झाला म्हणून हात टेकू नका. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे.

भावाभावांतली तोंडी वाटणी कायद्याला मान्य आहे. घरात बसून वाटणी झाली आणि नंतर "अमुक तारखेला अशी वाटणी झालेली आहे" असे आठवणीखातर लिहिले, तर त्या कागदाला नोंदणीची गरज नाही. "या कागदान्वये वाटणी करीत आहोत" असे लिहिले तर गरज आहे. क्रियापदाच्या काळावरून अपील कोर्टापर्यंत वाद जातात, म्हणून लिहिणाऱ्याने हे जाणून लिहावे. बहिणींच्या हक्कापुढे मात्र तोंडी वाटणीची ढाल सहसा चालत नाही: विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की २० डिसेंबर २००४ च्या आधी वाटणी झाली होती असे नुसते तोंडी म्हणणे मान्य होणार नाही, सरकारी दप्तरातल्या कागदांचा भक्कम आधार लागेल. मला हा निकाल न्यायाचा वाटतो.

बटईचे व्यवहार बहुतेक तोंडीच असतात, कारण लिहून दिले तर कूळ लागेल ही मालकाची भीती. मराठवाड्याला हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९५० लागू आहे, आणि कूळ आहे की नाही हा मुद्दा दिवाणी कोर्ट ठरवत नाही, तो तहसीलदारांकडे जातो. या भीतीपायी बटईदाराकडे काहीच राहत नाही आणि वाद झाला की तो उघडा पडतो. मधला मार्ग आहे: जमिनीच्या हक्काबद्दल काही न लिहिता एका हंगामाच्या पिकाचा हिशोब लिहावा. बियाणे-खत कोणाचे, फवारणी आणि काढणीची मजुरी कोण देणार, माल निम्मा वाटायचा की विकून पैसे, आडतीची पट्टी कोणाच्या नावाने. विमा आणि अनुदान कोणाचे हे तर आधीच ठरवा. अतिवृष्टीची मदत मालकाच्या खात्यावर जमा होते आणि भांडण तिथूनच सुरू होते.

सालगडी आणि ऊसतोडीची उचल यात कायदा काय करत नाही हे आधी समजून घ्यावे. कोर्ट कोणालाही कामावर परत आणत नाही. पाडव्याला साल धरले आणि गडी पोळ्यानंतर निघून गेला, तर केलेल्या कामाची मजुरी वजा जाता उचलीतून काय बाकी राहते, एवढाच हिशोब मागता येतो. मुकादमाने उचल फिटेपर्यंत कोयत्याला म्हणजे जोडप्याला अडवून ठेवणे, मुलाला किंवा बैलजोडीला ओलीस ठेवल्यासारखे ठेवणे, हा वेठबिगार पद्धती (निर्मूलन) कायदा, १९७६ खाली गुन्हा आहे, आणि अशी बोली तोंडी असो की बाँडवर, ती शून्य आहे. कुणी अडकले असेल तर जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकारी यांच्याकडे तक्रार करा. इथे वेळ घालवू नये, माणसांचा प्रश्न आहे.

जनावरांच्या बाजाराला माल विक्री कायदा, १९३० लागतो. विक्रीचा करार तोंडी चालतो असे तो स्पष्टच सांगतो. एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ठरलेली बैलजोडी, ठरलेला भाव, सौदा पक्का झाला की मालकी त्याच क्षणी जाते, पैसे आणि ताबा नंतर असले तरी, आणि मालकीबरोबर जोखीमही जाते. हाळीच्या बाजारात सौदा झाला, जोडी दोन दिवसांनी न्यायची ठरली आणि मधेच एक बैल दगावला, तर वेगळी बोली नसल्यास नुकसान घेणाऱ्याचे. म्हणून "जोडी दारात पोचेपर्यंत जबाबदारी तुझी" हे चार माणसांत बोलून घ्यावे. औताला जुंपून बघायची आठ दिवसांची बोली असेल तर तीही तशीच उघड बोलावी.

मोसंबीच्या बागेचे सौदे जालना, पैठण भागात इसारावर होतात आणि भाव पडला की व्यापारी फिरकत नाही. इथे नुकसानभरपाईचे सूत्र ठरलेले आहे: ठरलेला भाव वजा मोडल्या वेळचा बाजारभाव. समजा २२,००० रुपये टनाने सौदा झाला, माल २० टन निघाला, व्यापारी न आल्याने १६,००० ने विकावा लागला. फरक ६,००० गुणिले २०, म्हणजे १,२०,०००. इसाराचे ५०,००० हातात असतील तर मागणी ७०,००० ची. पण फळे झाडावर गळू देऊन पूर्ण किंमत मागता येत नाही. नुकसान कमी करणे हे तुमचेही कर्तव्य आहे. म्हणून व्यापाऱ्याला "अमुक तारखेपर्यंत तोडणी सुरू करा, नाहीतर दुसऱ्याला विकून फरक तुमच्याकडून घेईन" असे लेखी कळवा, दोन-तीन ठिकाणी भाव विचारा आणि विकल्याची पट्टी व काटापावती सांभाळा. सौदा टनावर होता की बाग उक्ती दिली होती, यावर सगळे फिरते. ते इसार घेतानाच्या संदेशात आलेच पाहिजे.

घरबांधणीच्या ठेक्यात भाव सगळ्यांना आठवतो, माप कोणालाच आठवत नाही. चौरस फूट स्लॅबचे की भिंतीच्या बाहेरून, जिना आणि सज्जा धरायचा का, सेंट्रिंगच्या फळ्या कोणाच्या, गिलावा आतून-बाहेरून की फक्त आतून. ठेक्याबाहेरचे वाढीव काम करून घेतले आणि ते फुकट करायचे ठरले नव्हते, तर करार कायद्याच्या कलम ७० प्रमाणे त्याचे वाजवी पैसे द्यावे लागतात, दर ठरला नव्हता तरी.

मध्यस्थांसाठी एक इशारा. भारतात जामीनकीही तोंडी चालते. करार कायद्याचे कलम १२६ तसे सांगते. "याने नाही दिले तर मी देतो" असे चारचौघांत म्हटलेत आणि त्या शब्दावर पैसे दिले गेले, तर देणारा मूळ कर्जदाराला सोडून थेट तुमच्यावरही येऊ शकतो. "माणूस चांगला आहे" म्हणणे वेगळे. जेवढे निभवायचे तेवढेच बोला. तुमच्या व्यवहारात हजर असलेल्या दोघांपैकी कोणी असे म्हणाले असेल तर आता आठवून, विचारून ठेवा.

पोलिसांकडे जावे का, हे बहुतेक जण विचारतात. पैसे परत न देणे एवढ्यावर फसवणुकीचा गुन्हा होत नाही. घेतानाच फसवण्याचा हेतू होता हे दाखवावे लागते. त्याने बोअर खरोखर मारला, पाइपलाइन टाकली, मग पैसे थकले, तर हा दिवाणी वाद आहे. ठाण्यातल्या अर्जाने मुदतही थांबत नाही. त्याने चेक दिला असता आणि तो वटला नसता तर मात्र वेगळा, धारदार मार्ग मिळाला असता. बँकेचा परतीचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यापासून १५ दिवस वाट, त्यानंतर एक महिन्यात फौजदारी तक्रार. तो आजही हप्ते पाडून पुढच्या तारखांचे चेक द्यायला तयार असेल तर घ्या, आणि प्रत्येक चेक कशापोटी आहे ते त्या अर्ध्या पानावर नंबरासह लिहा.

अडीच वर्षे झाली आहेत म्हणजे तुमच्या हातात साधारण सहा महिने आहेत. या आठवड्यात पासबुक, फोनपेचा उतारा आणि त्या महिन्याची आडतीची पट्टी काढा. दोन्ही साक्षीदारांशी वेगवेगळे बोला आणि त्यांना काय आठवते ते विचारा, काय बोलायचे ते सांगू नका. वरचा संदेश पाठवा. पंधरा दिवसांत लेखी कबुली किंवा चेक हाती आला नाही तर वकिलामार्फत पोचपावतीसह नोटीस पाठवा. नोटिशीतली तारीख, रोख-फोनपेची विभागणी आणि हजर माणसे पुढे दाव्यात आणि साक्षीत अक्षरशः तीच राहिली पाहिजेत, म्हणून नोटीस घाईत लिहू नका. त्याच वेळी तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीसाठी अर्ज देता येतो, फी लागत नाही. तिथे हप्त्यांवर तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच अमलात येतो आणि त्यावर अपील नाही. पण लोकअदालतीच्या तारखेची वाट बघताना तीन वर्षे उलटू देऊ नका. तडजोडीच्या गोष्टी चालू असल्या तरी शेवटच्या तारखेच्या महिनाभर आधी दावा दाखल झालेला असू द्या. दाखल दावा लोकअदालतीत नेता येतो, मुदत गेलेला दावा कुठेच नेता येत नाही.